जनरलसाहेबांचे ॲक्सल आणि आमची कमिटी

युनियनच्या कमिटीत मी सहचिटणीस. म्हणजे मिटिंगचा वृत्तांत लिहायचं काम माझं. ह्या वृत्तांताची एक गंमत असते. दोन तास भांडण होतं आणि वहीत एकच ओळ येते, 'सविस्तर चर्चा होऊन ठराव मंजूर.' मग बाकीचं जातं कुठं? ते माझ्याकडे साठतं! बायकोला सांगून झालं, कंपनीच्या बसमध्ये सांगून झालं. मोशीला आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर मी दिसलो की आता लोकच विचारतात, "काय राव, जनरलसाहेब काय म्हणतात?"

जनरलसाहेब अशासाठी की आमच्या कमिटीने एकदा एका परदेशी लष्कराशी पंगा घेतला होता. हसू नका! चाकण एमआयडीसीत ट्रकचे ॲक्सल बनवणारी आमची कंपनी, तिच्यातली आम्ही सहा टाळकी, आणि समोर अख्खी फौज. तिथल्या लष्करप्रमुखाने निवडून आलेलं सरकार उचलून तुरुंगात टाकलं होतं आणि खुर्चीत स्वतः बसला होता. देशाचं नाव सांगत नाही. एक तर आम्हाला ते शेवटपर्यंत नीट उच्चारता आलं नाही. आणि दुसरं म्हणजे अशा देशांची काही टंचाई नाही. तुम्हाला जो आठवेल तो धरा.

* * *

सुरुवात केली सुनंदाबाईंनी.

सुनंदाबाई म्हणजे कमिटीतली एकुलती एक बाई. मूळच्या लातूरकडच्या, डिस्पॅचला पॅकिंगवर. ॲक्सल पेटीत बसला, पेटी बंद झाली की 'पॅकिंग ओके'च्या चिठ्ठीवर शेवटची सही त्यांची. त्यांच्या सहीशिवाय पेटी गेटबाहेर जात नाही.

आमचे ॲक्सल काळे असतात. त्या महिन्यात एकदम हिरवे यायला लागले. तेही पोपटी-बिपटी नाही, फौजी हिरवे! सुनंदाबाईंनी पेटीवरचं लेबल वाचलं. माल जाणार होता एका मोठ्या देशातल्या ट्रक कंपनीकडे, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, ट्रक शेवटी कोण वापरणार. तिथे होतं त्या जनरलसाहेबांचं लष्कर.

त्या तडक एचआरच्या देशमाने साहेबांकडे गेल्या. मी सोबत होतो.

देशमाने साहेब समजावून सांगण्यात पटाईत. म्हणाले, "मॅडम, यू आर मिसअंडरस्टँडिंग. ही विक्री नाहीच आहे. तो मोठा देश हे ट्रक मदत म्हणून देतोय. एड!"

"मदत कुणाला?"

"ऑफकोर्स, तिथल्या जनतेला."

"बरं. मग त्या ट्रकात काय घालून पाठवायलेत? धान्य?"

"नाही, म्हणजे... ट्रूप कॅरियर आहेत ते. सैनिक असतात."

सुनंदाबाई म्हणाल्या, "म्हणजे जनतेला सैनिक घरपोच!"

साहेबांनी चहा मागवला. आम्हाला नाही, स्वतःला.

* * *

संध्याकाळी कमिटी बसली. अध्यक्ष शेवाळे आप्पा. इथल्याच गावचे. आत्ता जिथे आमची पेंट शॉप आहे तिथे त्यांचा बाजरीचा तुकडा होता. त्यामुळे आप्पा पेंट शॉपमध्ये शिरताना अजून चपला बाहेर काढतात आणि सेफ्टी ऑफिसर रोज ओरडतो.

उपाध्यक्ष गिरीश म्हणाला, "आप्पा, आपल्याला काय करायचंय? ऑर्डर चालू आहे, ओव्हरटाइम चालू आहे. तिकडे कोण खुर्चीत बसलं न् कोण उठलं, आपला काय संबंध?"

आप्पांनी डोकं खाजवलं. "पर आधी मला सांगा, ह्ये लष्करी सत्तांतर म्हंजी नक्की काय अस्तंय?"

मी वर्तमानपत्रातल्यासारखं समजावलं. घटना, संसद, आणीबाणी. आप्पांचा चेहरा कोरा. मग तेच म्हणाले, "थांबा. म्हंजी आपण गावाला राखण म्हनून गडी ठेवला. काठी बी आपणच घेऊन दिली. आन् एक दिस त्यानं त्याच काठीनं सरपंचाला बडवला, कोंडून घातला आन् म्हनला, आता मीच सरपंच. असंच ना?"

"असंच."

"आन् आता शेजारच्या गावची बडी आसामी त्याला अजून काठ्या पाठवून ऱ्हायलीय?"

"हो."

"आन् काठ्या घडवतोय कोन?"



सुनंदाबाईंनी मोबाइल पुढे केला. त्या देशातला व्हिडिओ होता. दिवेलागणीची वेळ, आणि गल्लीगल्लीत बाया गॅलरीत उभ्या राहून पातेली बडवत होत्या. लष्कराच्या निषेधासाठी. खालून एक हिरवा ट्रक आला, तरी वाजवायच्या थांबेनात.

सुनंदाबाई म्हणाल्या, "थाळ्या आपण पण वाजवल्या होत्या की. आपण कशापायी वाजवल्या ते मला अजून नीट कळलं नाही. पण ह्या बायांना पक्कं माहीत आहे."

ह्या लष्करासाठी ॲक्सल जाऊ नयेत, असा ठराव मंजूर. चार विरुद्ध दोन. वहीत लिहिलं, 'सविस्तर चर्चा होऊन.'

* * *

ठरावाची प्रत मी त्या मोठ्या देशाच्या वकिलातीला पाठवली. इंग्रजीत! रात्रंदिवस डिक्शनरी घेऊन बसलो होतो. 'आपण दडपशाही करणाऱ्या सरकारला ट्रक देऊ नयेत, ते ट्रक आमच्या हातचे आहेत, आम्हाला झोप लागत नाही,' असं लिहिलं.

आठ दिवसांत उत्तर आलं! कमिटीत काय आनंद! वकिलातीने आपल्याला उत्तर दिलं म्हणून गिरीशनेसुद्धा पेढे आणले, आणि तो तर विरोधात होता.

मी भाषांतर करून वाचायला लागलो. "त्या देशातल्या परिस्थितीबद्दल आम्हाला तीव्र चिंता वाटते."

"वा!" आप्पा म्हणाले.

"तिथल्या अटकसत्राबद्दल आम्हाला अत्यंत चिंता वाटते."

"वा, वा!"

"आणि भविष्याबद्दलही आम्हाला सखोल चिंता वाटते."

"फुडं?"

"पुढे सही आहे."

"आन् ट्रकांचं?"

"ट्रकांचं काही नाही. ट्रक जातील."

आप्पांनी हातातला पेढा परत खोक्यात ठेवला. मग म्हणाले, "म्हंजी ट्रक देनारच. पर चिंता करत करत देनार."

उरलेले पेढे सुनंदाबाईंनी पॅकिंगवर वाटून टाकले.

* * *

मग गेटवर निदर्शनं करायचं ठरलं. दहा मिनिटं, जेवणाच्या सुट्टीत, शांततेत. परवानगीसाठी आप्पा आणि मी चौकीत गेलो. हवालदार साहेबांनी अर्ज हातात घेतला.

"निदर्शनं कुणाविरुद्ध?"

मी देशाचं नाव सांगितलं.

"हे कुठं आलं? तळेगावच्या पुढं?"

"परदेश आहे साहेब. तिथल्या लष्कराविरुद्ध."

"ते लष्कर आपल्या हद्दीत आलंय का?"

"नाही साहेब."

"येणार आहे का?"

"नाही."

"मग बंदोबस्त कुणासाठी लावायचा? समोरची पार्टी हजर नको का? आम्ही मध्ये उभं राहायचं ते कुणाच्या आणि कुणाच्या?"

त्यांनी पेन उघडलं. "समोरच्या पार्टीचा पत्ता लिहा."

मी म्हणालो, "राष्ट्रपती भवन. पण ते त्यांचं नाही. बळकावलंय."

"म्हणजे ताबा बेकायदेशीर?" हवालदार साहेब पहिल्यांदाच खुलले. ही केस त्यांच्या ओळखीची होती. चाकण परिसरात रोज चार तरी असतात! "मूळ मालक कुठाय?"

"तुरुंगात."

"आत मूळ मालक आणि बाहेर ताबेदार? उलटंच झालं की हे." ते अर्जाकडे बघत राहिले. मग विचारलं, "तिथली माणसं मोर्चा काढत नाहीत का? परवानगी मिळत नाही?"

आप्पा म्हणाले, "काढत्यात साहेब. गोळ्या घालत्यात त्यांना."

हवालदार साहेबांनी अर्ज पुढे ओढला. शिक्का उचलला, शाईच्या पॅडवर दोनदा दाबला आणि अर्जावर मारला. अर्ज परत देताना म्हणाले, "दहा मिनिटं लिहिलंयत. वीस करा."

आम्ही दारात पोचलो तोवर मागून आवाज आला, "पण स्पीकर नको हां!"

* * *

निदर्शनं म्हटली की फ्लेक्स आला. आमच्या इकडे फ्लेक्सशिवाय माणसाचं बारसंही होत नाही.

फ्लेक्सवाल्या पोपटरावांना मी व्हॉट्सॲपवर जनरलसाहेबांचा फोटो पाठवला आणि मजकूर पाठवला, 'जाहीर निषेध.' प्रूफ बघायला वेळ नव्हता. फ्लेक्स थेट गेटवर लागला.

मी जाऊन बघतो तर काय! पोपटरावांनी वाढदिवसाचंच डिझाइन वापरलेलं. मध्यभागी जनरलसाहेब, छातीवर पदकं, मागे उगवता सूर्य, कोपऱ्यात डरकाळी फोडणारा वाघ. वर लखलखत्या सोनेरी अक्षरात 'जाहीर निषेध'. आणि खाली गोल गोल चौकटीत आम्हा सहा जणांचे फोटो, त्यांच्यावर लिहिलेलं, 'शुभेच्छुक'!

मी पोपटरावांना फोन लावला. ते म्हणाले, "भाऊ, निषेधाचं वेगळं डिझाइन नाही आपल्याकडं. कुणी मागतच नाही."

तेवढ्यात एक पांढरी गाडी कच्चकन थांबली. आतून एक युवा नेते उतरले. गळ्यात जाड चेन, मागे दोन कार्यकर्ते. फ्लेक्सकडे बघतच राहिले. आप्पांना म्हणाले, "आप्पा, हे साहेब कोण? कुठल्या वॉर्डातनं आलेत?"

आप्पा म्हणाले, "वॉर्ड न्हाई. देशच घ्येतलाय सगळा."

"काय सांगता! तिकीट कुणाचं होतं?"

"तिकीट-बिकीट काय न्हाई. रणगाडा."

"आणि विरोधक?"

"आत टाकले."

"सगळे?"

"सगळे."

युवा नेत्यांनी गॉगल काढला. फोटोकडे एकदा आदराने नीट पाहून घेतलं आणि हळूच विचारलं, "आपल्याकडं सप्ताहाला येतील का?"

* * *

निदर्शनं झाली. वीस मिनिटं, स्पीकरशिवाय. पहिल्या शिफ्टचे बरेच लोक उन्हात उभे राहिले. सुनंदाबाई दोन मिनिटं बोलल्या आणि शेवटी डबा उघडून त्याचं झाकण वाजवायला लागल्या. मग सगळ्यांनीच झाकणं वाजवली. मॅनेजमेंटला ते झोंबलं.

दुसऱ्या दिवशी नोटीस. 'कंपनी लोकशाही मूल्यांचा आदर करते. त्यामुळे सदर ऑर्डरबाबत कामगारांचं मत मोबाइल ॲपवर गुप्त पद्धतीने घेण्यात येईल.'

आप्पा खूश! "बघा, झुकले का न्हाई?"

मी ॲप उघडलं. प्रश्न होता, 'ही ऑर्डर पूर्ण करण्यास आपण तयार आहात का?' खाली दोन पर्याय. पहिला, 'होय'. दुसरा, 'होय, ओव्हरटाइमसह'.

तिसरा पर्याय शोधायला मी स्क्रीन इतकी वर सरकवली की शेवटी कंपनीच्या संस्थापकांचा फोटो आला.

संध्याकाळी निकाल लागला. शंभर टक्के होकार! आप्पा तणतणत देशमाने साहेबांच्या केबिनमध्ये. "शंभर टक्के कसं? मी तर भरलंच न्हाई त्ये!"

"न भरलेले होकारात धरलेत," साहेब म्हणाले. "सायलेन्स इज कन्सेंट."

"आन् मत गुप्त व्हतं ना? मग मी भरलं न्हाई ह्ये तुमाला कसं कळलं?"

साहेबांनी लॅपटॉप मिटला. सुनंदाबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी अगदी मनापासून विचारलं, "साहेब, एक सांगा. हे तुम्ही त्या जनरलकडनं शिकलाव, का तो तुमच्याकडनं?"

* * *

माल जाण्याआधी तपासणीला त्या देशाचे एक कर्नल आले. पूर्ण गणवेशात. सोबत ट्रक कंपनीचे दोन अधिकारी आणि दुभाषी म्हणून त्याच देशाची एक तरुण मुलगी. फेटे, शाल, नारळ, सगळं झालं. कर्नलसाहेबांच्या टोपीवर फेटा बसेना, म्हणून टोपी देशमाने साहेबांनी हातात धरली. ती त्यांनी पाऊण तास अशी धरली होती की जणू आत अंडी आहेत.

कामगार प्रतिनिधींशी 'संवाद' असाही कार्यक्रमात एक आयटम होता. आप्पांना पुढे बसवलं. आप्पा मराठीत बोलणार, मी इंग्रजी करणार, ती मुलगी तिच्या भाषेत करणार.

कर्नलसाहेबांनी विचारलं, "आपण ह्या लोकांचे प्रमुख कसे झालात?"

आप्पा म्हणाले, "निवडून आलो. दर दोन वर्सांनी निवडणूक अस्ती."

"आपण नेहमी जिंकता?"

"छ्या! दोनदा पडलोय."

कर्नलसाहेब पुढे वाकले. त्यांना हे खरंच जाणून घ्यायचं होतं असं दिसलं. "पडलात तेव्हा आपण काय केलंत?"

आप्पांना प्रश्नच कळेना. माझ्याकडे बघून म्हणाले, "काय केलं म्हंजी? काय करनार? हापिसची चावी दिली नव्या अध्यक्षाला आन् गेलो मशीनवर."

मी इंग्रजी केलं. ती मुलगी तिच्या भाषेत सांगायला लागली. आप्पांचं वाक्य एवढंसं, माझं त्याहून छोटं. ती मात्र बोलतच राहिली, बोलतच राहिली. अगदी सावकाश, एकेक शब्द नीट ठेवत. देशमाने साहेब घड्याळ बघायला लागले. तिचं संपलं तेव्हा कर्नलसाहेब लालबुंद झाले होते.

मी तिला नंतर चहाच्या टेबलाशी विचारलं, "एवढं काय सांगितलंत?"

ती म्हणाली, "चावी दिली आणि मशीनवर गेले. आमच्या भाषेत हे सांगायला जरा वेळ लागतो."

* * *

आता ऑर्डरचं काय झालं ते सांगतो, कारण लोक नेमकं तेच विचारतात.

तपासणी झाल्यावर पेट्या बंद करायची वेळ आली. सुनंदाबाईंनी चिठ्ठीवर सही करायला नकार दिला. "दुसरं कुठलंही काम सांगा साहेब. झाडू मारते. ही सही करणार नाही."

साहेबांनी शेजारच्या बाईला पेन दिलं. ती म्हणाली, माझा हात दुखतोय. तिच्या शेजारची म्हणाली, माझाही. पॅकिंगच्या नऊच्या नऊ बायांचे उजवे हात एकाच दुपारी दुखायला लागले! त्यातल्या सहा जणी कंत्राटावर होत्या. नाही म्हटलं तर उद्या गेटच्या बाहेर, हे त्यांना ठाऊक होतं. तरी दुखले.

कंपनीचे डॉक्टर आले. म्हातारे गृहस्थ, मोजकं बोलणारे. सगळ्यांचे हात वळवून बघितले, दाबून बघितले. देशमाने साहेब म्हणाले, "डॉक्टर, लिहा. फिट फॉर वर्क."

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, 'साथ आहे.' आणि खाली सल्ला, 'तीन दिवस विश्रांती.'

तीन दिवस पेट्या तिथेच. चौथ्या दिवशी देशमाने साहेबांनी कोट काढला आणि एकेका चिठ्ठीवर स्वतः सही केली. शेवटी शेवटी त्यांचाही हात दुखायला लागला म्हणतात, पण त्यांना साथ लागली असं कुणी म्हणालं नाही.

माल गेला. आम्ही तो थांबवू शकलो नाही, हे मी सरळ सांगतो. पुढचा लॉट मात्र इथे आला नाही. ट्रक कंपनीने 'कामगारांच्या भावना' असं कारण देऊन तो कुठल्याशा दुसऱ्या कारखान्याला दिला. तिथल्या कामगारांना भावना नसाव्यात. आमचा ओव्हरटाइम गेला. त्या सहा कंत्राटी बायांपैकी दोघींना पुढच्या महिन्यात बोलावणं आलं नाही. त्यांना दुसरीकडे चिकटवेपर्यंत सुनंदाबाईंनी सगळी एमआयडीसी पालथी घातली. सुनंदाबाईंची स्वतःची बदली झाली स्क्रॅप यार्डात. पत्रात लिहिलं होतं, 'आपल्या अनुभवाचा लाभ सदर विभागास व्हावा.' पहिल्या दिवशी मी भेटायला गेलो तर म्हणाल्या, "बरं आहे की इथं. इथनं काहीच कुणाच्या अंगावर जात नाही."

आणि पुढच्या निवडणुकीत आप्पा पडले. गिरीश निवडून आला. ओव्हरटाइम गेल्याचा राग लोकांनी काढला, त्यात चूक नाही. आप्पा दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या शिफ्टला मशीनवर होते. गिरीशला चावी देताना म्हणाले, "कुलूप जरा अडतंय. वर उचलून फिरव."

* * *

एक किस्सा राहिला. तो खरं तर आधीचा आहे, कर्नलसाहेब आले त्याच दिवशीचा. पण मी तो नेहमी शेवटी सांगतो.

आमचे सिक्युरिटी प्रमुख सुभेदार निकम. फौजेत सगळी हयात काढून निवृत्त झालेले. राजगुरुनगरहून बुलेटवर येतात, मिनिटाचाही उशीर नाही. आमच्या ठरावात नव्हते, निदर्शनांत नव्हते. आप्पांनी एकदा विचारलं होतं तर म्हणाले, "गेटवरच्या माणसाने आतल्या भांडणात पडायचं नसतं." विषय संपला. सॅल्यूट मात्र असा की बघत राहावं. एमडी आले की सॅल्यूट, पाण्याचा टँकरवाला आला तरी तोच, तेवढाच कडक सॅल्यूट.

कर्नल येणार म्हटल्यावर देशमाने साहेबांनी आदल्या दिवशीच त्यांना सांगून ठेवलं होतं, "सुभेदारसाहेब, तुमच्या लाइनचा माणूस येतोय. एकदम आर्मी स्टाइल स्वागत पाहिजे!"

सुभेदार म्हणाले होते, "बघतो साहेब."

त्या दिवशी सकाळी मी काही कामासाठी गेटवरच होतो. बारा गार्ड एका रांगेत. बूट चकाचक, पण सगळे विश्राममध्ये. गाडी थांबली. कर्नलसाहेब उतरले. रांग बघितली, सुभेदारांच्या छातीवरच्या जुन्या फिती बघितल्या आणि हात कपाळाशी नेऊन सॅल्यूट ठोकला.

सुभेदारांनी दोन्ही हात जोडले. "नमस्कार."

गार्ड हलले नाहीत. कर्नलसाहेबांचा हात थोडा वेळ वरच राहिला आणि मग खाली आला. सुभेदारांनी टेबलावरचं व्हिजिटर रजिस्टर त्यांच्यापुढे वळवलं, पेनाचं टोपण काढून दिलं आणि बोटाने रकाने दाखवले. कर्नलसाहेबांनी उभ्यानेच भरलं. तेवढ्यात देशमाने साहेब हार घेऊन धावत आले आणि पाहुण्यांना आत घेऊन गेले.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर देशमाने साहेब तावातावाने सिक्युरिटी केबिनमध्ये आले. मी पंचिंगच्या रांगेत होतो, सगळं ऐकू येत होतं.

"सुभेदारसाहेब! इतकी वर्षं फौजेत काढलीत तुम्ही! एक कर्नल समोर उभा आहे, सॅल्यूट करतोय, आणि तुम्ही हात जोडता? टँकरवाल्याला सॅल्यूट आणि कर्नलला नमस्कार? काय समजायचं आम्ही?"

सुभेदारांनी पेन खाली ठेवलं. रजिस्टर उघडलं, सकाळचं पान काढलं आणि साहेबांपुढे सरकवलं.

मीही मान लांब करून पाहिलं. नाव, गाडी नंबर, कुणाला भेटायचं, सगळं कर्नलसाहेबांच्या ठसठशीत अक्षरात. 'कुठून आले' ह्या रकान्यात त्यांनी इंग्रजीत मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'गव्हर्न्मेंट'.

तो शब्द पट्टी लावून एका सरळ रेघेने खोडलेला होता. त्याच्यावर मराठीत, सुभेदारांच्या उभ्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'खासगी'. आणि खाडाखोड केली की सही लागते, म्हणून शेजारी छोटी सही होती.